मगदूमांची उठबस

लग्नाच्या पंगतीत माणसं जेवतात कशी हे बघणारे पुष्कळ असतात. उठतात कशी हे बघणारा उभ्या सांगलीत एकच माणूस होता, आणि दुर्दैवानं तो दर वेळी माझ्याच शेजारच्या पाटावर बसायचा.

शेवटचा ताकभात संपवून लोक उठायला लागले की एन. बी. मगदूम आपलं जेवण थांबवायचे. लाडू हातात, डोळे समोरच्या रांगेवर. जैन माणूस, कांदा-बटाट्याला हात लावत नसत, त्यामुळे पानावर फारसं काम नसायचं. मग पुटपुटणं सुरू. "तिसरा. उजवा गुडघा." "तो जरीच्या टोपीवाला, खुबा." "बघा, बघा, शेजाऱ्याच्या खांद्याला धरून उठला. गेला!" हे ‘गेला’ ते अशा आवाजात म्हणत की पलीकडची एखादी म्हातारी दचकून विचारायची, "कोन गेलं वो?" एकदा त्यांनी नवऱ्यामुलाच्या बापाला हात धुताना गाठलं आणि "तुम्ही जमिनीला हात टेकून उठलात" असं इतक्या गंभीरपणे सांगितलं, की त्या गृहस्थाला वाटलं, उठण्याचाही काही मानपान असतो आणि तो आपल्याला मिळायचा राहून गेला.

हात टेकला की माणूस नापास, हा मगदूमांचा कायदा. त्यावर अपील नव्हतं.

आमच्या धर्मादाय इस्पितळात मगदूम फिजिओथेरपिस्ट होते. त्या सत्तरच्या दशकात हा शब्द सातारा-सांगलीच्या माणसाच्या तोंडात मावत नसे. म्हणून जो तो आपल्या मापानं तो कापून घ्यायचा. कुणी ‘व्यायामाचं डाक्टर’ म्हणे, कुणी ‘करंटवालं’, आणि एक आजीबाई तर सरळ ‘पाय मुडपायचं डाक्टर’ म्हणून चौकशी करायच्या. मी त्याच इस्पितळात भांडारपाल. म्हणजे कापसापासून कढईपर्यंत जे आत येईल त्याची नोंद करायची आणि जे बाहेर जाईल त्याचा संशय घ्यायचा. मी मूळचा साताऱ्याचा. संशय घ्यायला मला वेगळं शिक्षण लागलं नाही.

आमची ओळखच मुळी भांडणातून झाली. नव्यानं आलेल्या या गृहस्थांनी आपल्या विभागासाठी मागणी पाठवली : एक पितळी घागर, एक पाट, एक फेटा, एक मातीची चूल आणि रहाटाचं चाक दोरासकट. मला वाटलं, माणूस बिऱ्हाड थाटतोय आणि तेही इस्पितळाच्या खर्चानं. जाब विचारायला गेलो, तर विश्वस्तांनी मोठ्या हौसेनं परदेशातून मागवलेली व्यायामाची सायकल कोपऱ्यात उभी, आणि मगदूम तिच्यावर आपला टॉवेल वाळत घालतायत.

"ही सायकल काय कामाची नाही का?" मी विचारलं.

"आहे की. टॉवेल लवकर वाळतो," मगदूम म्हणाले. "जाधवराव, आपल्याकडचा माणूस सायकलवर बसतो तो कुपवाडला कामावर पोचायला. इतके पाय मारून आपण इथंच आहोत हे कळलं की तो उतरतो आणि मलाच वेड्यात काढतो. तुम्ही घागर द्या."

"घागर हे वैद्यकीय उपकरण कसं?"

"बाईला कमरेवर घागर घेता येते का नाही, हे मी एक्स-रेत बघू?"

पुढं हिशेबतपासनीस आला. त्यानं त्या घागरीवर बोट ठेवलंच. मी घागर ‘जलसाधन’ म्हणून दाखवली आणि चूल ‘शेक देण्याचे साधन’ म्हणून. त्याचं समाधान झालं. कचेरीतल्या मराठीत खोटं बोलावं लागत नाही, हा तिचा मोठाच फायदा आहे.

मगदूमांचं खरं वैर मात्र ना विश्वस्तांशी होतं ना माझ्याशी. ते होतं एका शब्दाशी. तो शब्द ‘जमतंय’. आमच्या भागातल्या माणसाला काहीही विचारा, हात गळ्यात बांधलेला असो, कंबर काटकोनात असो, तो म्हणणार, "जमतंय की." ‘जमत नाही’ हे आमच्याकडे भावकीबद्दल बोलतात, सोयरिकीबद्दल बोलतात. स्वतःच्या अंगाबद्दल असं बोलणं म्हणजे चारचौघांत धोतर सुटण्यातला प्रकार.

हे ठाऊक नसलेला एक तरुण डॉक्टर मुंबईहून आमच्याकडे आला. येताना त्यानं परदेशी पुस्तकावरून उतरवलेली प्रश्नांची यादी आणली होती. रोग्याला कितपत हालचाल जमते, हे त्याला म्हणे शास्त्रशुद्ध मोजायचं होतं. पहिलेच आजोबा काठी टेकत आले.

"जिना चढता येतो?"

"येतो की."

"त्रास होतो?"

"न्हाई."

"घरी किती पायऱ्या आहेत?"

"घरात जिना न्हाई."

"मग चढता येतो कसं म्हणता?"

"असता तर चढलो नसतो व्हय?"

डॉक्टरनं घाम पुसला आणि पुढचा प्रश्न घातला. अंघोळीच्या टबात उतरता येतं का? टब म्हणजे काय हे समजावून सांगितल्यावर आजोबा खदखदून हसले. "आवं, हिरीत उडी टाकतोय, तुमच्या परातीचं काय घिऊन बसलाय?"

संध्याकाळपर्यंत ओसरीवरचे सगळे लंगडे कागदावर असे ठणठणीत झाले की त्यांना दुसऱ्या दिवशी जत्रेतल्या कुस्तीच्या फडात उतरवायला हरकत नव्हती. डॉक्टर हरखून मगदूमांकडे गेला. मगदूमांनी सगळ्या रोग्यांना चहाला बोलावलं, ओसरीवर खाली पंगत धरून बसवलं, कप रिकामे होऊ दिले आणि एकदम ओरडले, "उठा!"

जे झालं ते मी भांडाराच्या खिडकीतून पाहिलं. दोघं उठले. तिघांनी भिंत धरली. एकानं शेजाऱ्याला धरलं आणि शेजाऱ्यानं देवाला. विहिरीत उडी टाकणारे आजोबा जागचे हललेच नाहीत. "मला आनि जरा च्या पायजे हुता," असं म्हणून ते बसून राहिले.

"सांगू नका, करून दाखवा," मगदूम त्या डॉक्टरला म्हणाले. "इथं पेशंट तोंडानं कधी आजारी पडत नाही." डॉक्टरनं ती यादी घडी करून खिशात घातली. नंतर तो पुण्याकडे बदली मागत होता असं ऐकलं.

फौजेतून परतलेल्यांची तऱ्हा आणखी निराळी. खंडाळ्याकडचे एक निवृत्त सुभेदार आले. गुडघा भोपळ्याएवढा सुजलेला, पण "बिलकुल ठीक है" याखेरीज एक अक्षर बोलायला तयार नाहीत. मगदूमांनी त्यांना ‘सावधान’ सांगितलं. सुभेदार सरळसोट उभे राहिले, खांब बरा. मगदूम समोर नुसते बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "विश्राम." आणि सुभेदार जे कोसळले ते माझ्या अंगावर. मी तिथं कापूस द्यायला गेलो होतो.

त्यांची सगळ्यात मोठी परीक्षा मात्र परसाकडची. बाहेरदेशी माणूस कमोडावर बसतो. आमच्या माणसाला उकिडवं बसावं लागतं. भर ओसरीवर, बायामाणसं असताना, मगदूम मोठ्या आवाजात विचारत, "परसाकडंला एकटं जाता येतं का?" लोक लाजून खांबाआड होत. मगदूमांना त्याचं काही नव्हतं. माझ्याशी वाद घालताना ते म्हणाले होते, "हात कुठवर जातो, पाय कुठवर वळतो हे मोजत बसा तुम्ही खुशाल. मला एवढंच कळतं, की ज्याला तांब्या घेऊन एकट्याला जाता येतं आणि एकट्याला परत येता येतं, तो माणूस मोकळा. बाकीचे ताब्यातले." हे मला त्या वेळी अघळपघळ बोलणं वाटलं. वाटायचंच, माझे गुडघे शाबूत होते.

खांदा मात्र नव्हता. एका हिवाळ्यात माझा उजवा हात वर जाईना. मी गुपचूप करंट घ्यायला गेलो, तर मगदूमांनी चार रोग्यांसमोर मला पाठीला साबण लावून दाखवायला सांगितलं. सदरा अंगात, साबण नाही, आणि एका हातानं मी हवेत पाठ शोधतोय. "घरी पाठ कोण चोळतं?" त्यांनी विचारलं. मी बायकोचं नाव सांगितलं. "मग आजार जुना आहे," असं म्हणून त्यांनी रोज भिंतीवर बोटं चढवायला लावली. रोज सकाळी मी भिंतीसमोर उभा राहून बोटांनी मुंगीसारखा वर चाललोय, हे पाहून शेजाऱ्यांनी आमच्याकडे ढेकूण झाल्याची बातमी गल्लीभर केली. हात वर गेला हे खरं, पण त्याचं श्रेय मी त्यांना तोंडावर कधी दिलं नाही. तेवढी अक्कल मला होती.

त्यांना माणसांत न्यायची सोय नव्हती. आमच्या गल्लीतले एक जण वारले तेव्हा तिरडी उचलायच्या वेळी मगदूम पुढच्या खांदेकऱ्याला म्हणाले, "तुम्ही बाजूला व्हा. तुमचा डावा खांदा गेलाय." तो खांदेकरी मयताचा सख्खा जावई. एका सभेत पाहुणे लोडाला टेकून बसले होते, त्यांना दोघांनी काखेत हात घालून उठवलं, तर हे मागून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भाषण कशाला, आधी यांना उठायला शिकवा." पन्नाशी आली तरी लग्न नव्हतं. त्यामागंही एक दंतकथा होती, की तरुणपणी मुलगी बघायला गेले आणि ‘चालून दाखव’ म्हणायच्या जागी ‘उठून दाखव’ म्हणाले, आणि मुलीच्या बापानं यांनाच उठवलं. खरंखोटं मी विचारलं नाही. मगदूम गल्लीच्या टोकाला एका खोलीत राहायचे. इस्पितळात ‘साहेब’, गल्लीत ‘मगदूमसाहेब’, खाणावळीत ‘डॉक्टरसाहेब’. असा सगळीकडे साहेब असलेला माणूस. आम्ही इतकी वर्षं एकमेकांना टोमणे मारत होतो, तेही अहो-जाहोतच.

एका शनिवारी ते भांडारात आले आणि स्टुलावर बसले. काही मागितलं नाही. मला काळजी वाटली.

"उद्या मोकळे आहात का? आमच्या गावी यायचं होतं. अक्काची परीक्षा घ्यायचीय. तिऱ्हाईत कुणीतरी असलेलं बरं."

मग तुटक तुटक सगळं कळलं. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला आणि ती माहेरी परतली. थोड्याच दिवसांत आई वारली, तेव्हा मगदूम आणि धाकटा भूपाल या दोघांना तिनंच वाढवलं. दोघं शिकून बाहेर पडले; अक्का वारणेकाठच्या गावात एकटीच घर, म्हैस आणि उसाचा वाटा सांभाळत राहिली. यंदा पावसाळ्यात ती गोठ्यात पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. मिरजेला ऑपरेशन करून आत खिळा घातला. भूपाल इस्लामपूरला साखर कारखान्यात टाइमकीपर. त्यानं तिला आपल्या वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात नेऊन जपलं. पण चालायला लागताच, "घर सारवून येते" म्हणून ती जी गावी गेली ती परत यायचं नावच काढीना.

"भूपाल उद्या तिला न्यायला येतोय," मगदूम म्हणाले. "त्याचंही चुकत नाही. परत पडली तर? शेवटी दोघांनी माझ्यावर सोपवलंय. मी पास म्हटलं तर ती गावात राहणार. नापास म्हटलं तर इस्लामपूर."

"मग त्यात काय? तुम्ही तर जन्मभर हेच करताय," मी म्हणालो.

मगदूम माझ्या किल्ल्यांच्या जुडग्याकडे बघत म्हणाले, "वर नेली तर ती वर्ष काढायची नाही, जाधवराव. आणि पास केली आणि पडली तर..."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीनं आम्ही गावी पोचलो. दारात अक्का उभी. बुटकी, काटक, नऊवारी लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला. आमच्या मगदूमसाहेबांना पाहताच ती म्हणाली, "आलास व्हय रं नेम्या? वाळलायस की. त्या खानावळीत काय पाला घालत्यात का काय?"

एन. बी. मधल्या ‘एन’चा उलगडा मला तेव्हा झाला. नेमगोंडा. त्याचा नेम्या. आणि नेम्या म्हटल्याबरोबर हा दरारा असलेला माणूस पिशवी मागं लपवून, उन्हात उभ्या केलेल्या पोरासारखा हसला. मी पहिल्यांदाच त्यांचे सगळे दात पाहिले.

भूपाल आधीच आला होता. भला माणूस, पण काळजीनं पिकलेला. "गावची मानसं कारखान्यावर भेटली की इचारत्यात, बहिनीला एकटी टाकली व्हय?" तो मला म्हणाला. "मी काय सांगू? तिला अजून सोताला सांभाळाया जमत न्हाई."

"कुनाला जमत न्हाई?" अक्का कडाडली. "खिळा मारलाय न्हवं खुब्यात? मग पक्कं झालं की! दाराला खिळा मारल्यावर दार पडतंय व्हय?"

"अक्का, सांगू नको," मगदूम म्हणाले. आवाज इस्पितळातला होता. "करून दाखव."

परीक्षा सुरू झाली. आधी उंबरा. अक्का दाराची कडी धरून आत आली. "कडी सोड आनि परत ये," मगदूम म्हणाले. तिनं कडी सोडली, ओठ आवळले आणि आली. मग पाणी. ती तांब्या भरून घेऊन आली. "घागर कुठं हाय?" "घागर पावन्यांसाटनं. एकटीला तांब्या पुरतोय. का मी पान्यात पवाया लागू?" मगदूमांच्या कायद्यात तांब्याचं कलम नव्हतं. भूपाल मात्र प्रत्येक वेळी मान हलवत होता, आणि ती मान कुठल्या बाजूनं हलतेय हे अक्काला दिसत होतं.

शेवटी चूल. गावातल्या बाईचा निम्मा दिवस चुलीपुढं जातो. तिथं बसता आलं नाही आणि बसून उठता आलं नाही तर बाकीचं सगळं फुकट. हे अक्काला कळत होतं आणि मगदूमांना तर कळतच होतं. सैपाकघरात आम्ही तिघं भिंतीला उभे राहिलो. अक्का चुलीपुढं बसली. बसली म्हणजे शेवटच्या वितीला धप्पकन पडली. पण बसली. जाळ सारखा केला, भाकरी थापली, तव्यावर टाकली, उलटली. हात असे चालत होते की त्यांना कुणाच्या परीक्षेची गरज नव्हती.

"आता ऊठ," मगदूम म्हणाले.

अक्कानं पाय जवळ घेतला. कंबर उचलली. ती वीतभर वर आली आणि परत खाली बसली. पुन्हा जोर केला. मांडी थरथरत होती, लुगड्यावरनं दिसत होती. भूपालनं सुस्कारा टाकला. अक्कानं मान वर करून धाकट्याकडे पाहिलं नाही, थोरल्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत ना रडं होतं ना विनवणी. नुसती बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, कुणीतरी हात टेकावा आणि कुणी बघू नये.

"अरे भूपाल!" मगदूम एकदम ओरडले आणि मागच्या खिडकीकडे वळले. "त्या म्हशीच्या पायाला काय झालंय बघ! लंगडतीया का काय ती?"

भूपाल खिडकीशी धावला. दोघं भाऊ पाठ करून गोठ्याकडे बघत राहिले. बघतच राहिले. मी तिऱ्हाईत, मला म्हशीशी काही कर्तव्य नव्हतं. मी पाहिलं. अक्कानं राखेनं भरलेले दोन्ही तळवे जमिनीवर टेकले, मग चुलीमागच्या भिंतीला नखं लावली आणि सगळं अंग ओढत, दात खात, ती उभी राहिली. पदरानं तोंड पुसलं.

"काय न्हाई म्हशीला. चांगली हुबी हाय," भूपाल म्हणाला आणि वळला.

"मी बी हुबी हाय," अक्का म्हणाली.

मगदूम वळले. सारवलेल्या जमिनीवर राखेचे दोन पंजे स्पष्ट उमटले होते. बोटंसुद्धा मोजता आली असती. मगदूमांची नजर तिथं क्षणभर अडली. मग सहज तव्यावरची भाकरी बघायला जावं तसे ते पुढं झाले आणि नेमके त्या दोन पंजांवर पाय ठेवून उभे राहिले.

"राहू दे तिला इथं," ते म्हणाले.

"आनि पडली म्हंजे, अण्णा?"

"पडली तर मला धर. पन एक कर. उद्या गवंडी लाव. चूल खाली नको, कमरंइतका कट्टा बांधून वर घे. न्हाणीत भिंतीला दांडी. पाय घसरू नये म्हनून गोठ्यातल्या फरशीवर चर पाड. आनि दर रविवारी मी येनार. सारखं काय खाली बसायचं लागलंय? मानसाचं हाड वळत नसंल तर चुलीनं उठून वर याया नको?"

भूपालनं थोडी कुरकुर केली, पण ती दाखवण्यापुरती. अण्णानं जबाबदारी घेतली म्हटल्यावर कारखान्यावर सांगायला त्याला उत्तर मिळालं होतं. तो उठून गवंड्याच्या घरी गेला तेव्हा मला तो दहा वर्षांनी लहान दिसला. मगदूम कट्ट्याची जागा आखायची म्हणून बाहेर वीट शोधायला गेले. तोवर पावलांनी ते पंजे पार पुसून गेले होते.

अक्कानं मला खपली गव्हाच्या खिरीची वाटी दिली. मी बोलावं की नाही या विचारात होतो. तिनंच आवाज खाली केला.

"पावणं, एक सांगू? म्हशीच्या पायाला काय बी झाल्यालं न्हाई. आनि झालं असतं तरी नेम्या बघनार हुता व्हय? ल्हान असताना म्हशीनं शिंगावर घिऊन उकिरड्यात टाकला हुता. तवापासनं गोठ्याकडं पाठ करून जेवतोय. मला काय ठावं न्हाई?"

"म्हणजे तुम्हाला कळलं?"

"त्यानं तोंड फिरवलं तवाच कळलं." तिनं डोळ्याला पदर लावला आणि लगेच काढला. "पन तुमी त्याला बोलू नगा. त्याला वाटू दे, अक्का भोळी हाय. न्हाईतर फुडल्या रविवारी खरंच परीक्षा घ्याचा, लय वाईट खोड हाय त्येची."

परतीची एस्टी संध्याकाळची होती. गावाबाहेर फाट्यावर एका मोरीच्या कट्ट्यावर आम्ही बसलो. उसाच्या रानावर ऊन उतरत होतं. मी नेहमीच्या सवयीनं एखादा टोमणा शोधत होतो. कायदेपंडितांनी आज कायदा मोडला, असं काहीतरी. पण तो ओठावर येईना.

मगदूम रस्त्याकडे बघत म्हणाले, "ती पडेल, जाधवराव. आज ना उद्या पडेल. मला माहीत आहे. कट्टा बांधला, दांडी बसवली तरी." थोड्या वेळानं म्हणाले, "पण तिला उचलून दुसऱ्याच्या माडीवर नेऊन ठेवायची माझ्यात ताकद नाही. मी आयुष्यभर लोकांच्या ताकदी मोजल्या, माझी आज कळली."

मी पिशव्या उगाच जवळ ओढल्या.

"आणि आणखी एक आहे," ते म्हणाले. "हसू नका. ही गेली की मला ‘अरे’ म्हणणारं जगात कुणी उरत नाही. सगळे साहेब म्हणतात. भूपालसुद्धा अण्णा म्हणतो. मी कुणाचा नेम्या उरत नाही." बोलता बोलता त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता.

लांबून धुरळा उडाला. एस्टी वळण घेऊन येत होती. मगदूमांचं लक्ष नव्हतं, ते चष्मा पुसतच होते. मी उठलो, पिशव्या घेतल्या. आणि इतक्या वर्षांचं ते अहो-जाहो माझ्या तोंडून कसं सुटलं कुणास ठाऊक.

"ऊठ रे," मी म्हणालो, "गाडी आली."

मगदूम चमकून माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा नाकावर चढवला.

"आलो रे," ते म्हणाले.